जळालेला हार्वेस्टर, लेकीची ठेव आणि विम्याचा हिशोब

शिरूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये २५ लाखांना घेतलेला त्यांचा कंबाईन हार्वेस्टर मार्च २०२५ मध्ये गव्हाची काढणी चालू असताना पेटला. इंजिनाची बाजू जळाली आणि शेजाऱ्यांचा एक एकर उभा गहूही गेला. दुरुस्तीचे अंदाजपत्रक ९ लाख ४० हजारांचे असून कर्जाचे ६ लाख बाकी आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ८ लाखांची मुदत ठेव मोडून उरलेला हंगाम पकडावा, की वर्कशॉपमधून सुचवल्याप्रमाणे अंदाजपत्रक वाढवून यंत्र ‘पूर्ण नुकसान’ दाखवावे आणि नवे घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ठेव मोडू नये आणि अंदाजपत्रक एका रुपयानेही फुगवू नये.

आपल्या पॉलिसीवर यंत्राचे घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, १५ लाख आहे. तीन ते चार वर्षे वयाच्या वाहनाला ४० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे झालेली किमतीतील घट, धरला जातो, त्यामुळे हा आकडा योग्यच आहे. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे सव्वा अकरा लाखांच्या वर गेला तरच पूर्ण नुकसान मानले जाते. आपले अंदाजपत्रक त्याच्या बरेच खाली आहे. ते ओढूनताणून वर नेले आणि नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या ते लक्षात आले, तर खोट्या माहितीच्या कारणावरून सगळा दावाच नाकारला जाऊ शकतो, आणि मग हक्काचे पैसेही हातचे जातील.

आता हक्काचे किती, ते पाहू. अंदाजपत्रकात धातूचे भाग ५ लाख ६० हजार, रबर, प्लास्टिक व बॅटरी २ लाख २० हजार आणि मजुरी १ लाख ६० हजार अशी फोड आहे. या वयाच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर २५ टक्के आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो. मजुरीवर कपात नसते. म्हणजे ४ लाख २० हजार, १ लाख १० हजार आणि १ लाख ६० हजार मिळून सुमारे ६ लाख ९० हजार मंजूर व्हायला हवेत. आपल्या खिशातून साधारण अडीच लाख आणि पॉलिसीतील सक्तीची कपात, म्हणजे दाव्यातली आपणच सोसायची ठरावीक रक्कम, एवढेच जाईल. मात्र टायर, दिवे, मडगार्ड आणि बॉनेट यांच्यासाठी जादा हप्ता भरलेला आहे का, हे पॉलिसीत आजच तपासावे. तो भरलेला नसेल तर वाहन पूर्ण नष्ट झाल्याशिवाय या भागांचे पैसे मिळत नाहीत.

या अडीच लाखांसाठी ८ लाखांची ठेव मोडणे मला पटत नाही. मुदतीआधी मोडल्यास व्याज घटते, दंडही बसतो, आणि एकदा मोडलेली ठेव पुन्हा उभी करायला घरात किती वर्षे लागतात हे आपण जाणताच. त्याऐवजी त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच उचल, घ्यावा. बँका साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लावतात, तेही वापरलेल्या रकमेवरच. विमा कंपनी वर्कशॉपला थेट पैसे देणार नसेल, तर दावा मंजूर होईपर्यंतची मधली गरजही यातूनच भागेल.

हंगामाची घाई मी समजू शकतो, पण सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी यंत्र खोलले तर पुरावा जातो. गव्हाचे उरलेले तीन आठवडे सोडून द्यावेत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सोयाबीनच्या काढणीचे लक्ष्य ठेवावे. नव्या यंत्राचा विचार तर दूरच ठेवावा. समजा पूर्ण नुकसान मंजूर झालेच, तरी १५ लाखांतून बँक आधी कर्जाचे ६ लाख घेईल आणि हाती ९ लाख उरतील. २८ लाखांच्या यंत्रासाठी १९ लाखांचे कर्ज घेतल्यास, ११ टक्के दराने पाच वर्षांचा मासिक हप्ता ४१ हजारांच्या पुढे जातो. वर्षाला जवळपास ५ लाख. आपण कळवलेली वर्षाची निव्वळ कमाईही तेवढीच आहे.

शेजाऱ्यांनी ४० हजार मागितले आहेत. एकरी १५ क्विंटल आणि २०२५-२६ च्या हंगामाचा २,४२५ रुपयांचा हमीभाव धरला तर ३६ हजारांहून थोडे अधिक होतात, वर भुसा. मागणी रास्त आहे. परंतु विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय भरपाई कबूल करू नये, अशी अट पॉलिसीत असते. म्हणून तलाठ्यांचा पंचनामा जोडून त्यांचा दावा आधी कंपनीला कळवावा, आणि शेजाऱ्यांच्या घरी जाऊन, उशीर का होतो आहे हे स्वतः सांगावे. बांधाला बांध लागून असलेल्या माणसाने ही गोष्ट कागदावरून कळून घेऊ नये. प्रधानमंत्री पीक विमा योजनेवर त्यांनी अवलंबून राहू नये, कारण तिच्यात नैसर्गिक आग आणि वीज पडणे धरले आहे, यंत्रातून लागलेली आग नाही. आपला दावा अन्यायाने नाकारला गेला, तर नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

बुडालेल्या हंगामाची कमाई मात्र विमा देत नाही. मोटार पॉलिसीतून असे परिणामी नुकसान वगळलेले असते. म्हणून ओव्हरड्राफ्टमधून पहिले वीस हजार मी दुरुस्तीसाठी नव्हे, तर आगीच्या बंदोबस्तासाठी काढायला सांगेन. सुका भुसा टर्बो आणि सायलेन्सरच्या गरम पत्र्यावर साचतो, गळणारे डिझेल किंवा हायड्रॉलिक तेल त्यात मुरते. तापलेले बेअरिंग, घसरणारा पट्टा किंवा सोललेली वायर एवढे पुरे होते. एबीसी पावडरचे सहा किलोचे दोन अग्निशामक घ्यावेत, एक केबिनमध्ये आणि दुसरा जमिनीवरून हात पोहोचेल असा. भुसा उडवायला ब्लोअर आणि बॅटरी तोडणारा मुख्य स्विच हवा. दिवसातून दोनदा, इंजिन थंड झाल्यावर, साफसफाई व्हावी आणि ती करणाऱ्या चालकाला त्या अर्ध्या तासाची मजुरी वेगळी द्यावी, नाहीतर ते काम होत नाही. संध्याकाळी यंत्र थेट शेडमध्ये किंवा गंजीजवळ लावू नये. धुमसणारा भुसा बऱ्याच वेळाने पेट घेतो. मोकळ्या जागी अर्धा तास उभे करून, हाताने पत्रे चाचपून मगच ते आत न्यावे.