टेक्निकल इलस्ट्रेशनमध्ये राहावं की बाहेर पडावं?

आयटीआय ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, पुण्यात व्हेंडरकडे पार्ट्स कॅटलॉगच्या चित्रांचं काम, आणि आता टीम निम्मी झालीय. एआय हे काम खाणार का, यूआय-यूएक्सकडे (अ‍ॅप-वेबसाइटच्या डिझाइनकडे) वळू का आणि थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या महागड्या कोर्सला पैसे घालू का, असं तू विचारलं आहेस. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुमची टीम कमी झाली त्यात चित्रं काढणाऱ्या एआयचा हात फारसा नसावा. त्याला गिअरबॉक्सचा एक्स्प्लोडेड व्ह्यू, म्हणजे सगळे पार्ट सुटे करून मांडलेलं चित्र, मागून बघ. चित्र झकास येतं, पण सर्क्लिप (पार्ट जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) गायब, बोल्ट सहाचे सात. असलं पान मॅन्युअलमध्ये छापून कुठलीही कंपनी अंगावर कोर्टकचेरी ओढवून घेणार नाही. तुमची कामं खाल्ली ती कॅडने, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याच्या सॉफ्टवेअरने, आणि हे गेली वीसेक वर्षं चालू आहे. मी या धंद्यात आलो तेव्हा ट्रेसिंग पेपर, रोटरिंगची पेनं आणि आयसोमेट्रिक वर्तुळांसाठी ३५ अंशांच्या टेम्प्लेट शेवटच्या घटका मोजत होत्या. मग आयसोड्रॉ हे इलस्ट्रेशनचं सॉफ्टवेअर आलं. ते बनवणारी आयटेडो ही जर्मन कंपनी २००६मध्ये पीटीसीने विकत घेतली, म्हणजे कॅड विकणाऱ्याच्याच दुकानात इलस्ट्रेशन आलं. आज क्रिओ इलस्ट्रेट किंवा सॉलिडवर्क्स कंपोझरमध्ये मॉडेल उघडलं की रेषा आपोआप निघतात, बलून (पार्टचा नंबर दाखवणारी वर्तुळं) बॉमला, म्हणजे पार्ट्सच्या यादीला, जोडलेले राहतात आणि डिझाइन बदललं की चित्र अपडेट होतं. जुन्या स्कॅनवरून रेषा गिरवण्याची कामं तर संपल्यातच जमा आहेत. तुझं काम 'मॉडेल उघड, फोड, बलून लाव, पुढचं पान' एवढंच असेल, तर घाबरतोयस ते बरोबर आहे. त्या खुर्च्या आणखी कमी होणार.

मग उरतं काय? डिझाइनवाल्यांचा बॉम आणि सर्व्हिसवाल्यांचा बॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली भाकरी या दोन्हींच्या मधल्या फटीत आहे. डिझाइनच्या बॉममध्ये बुश (भोकात बसवायची नळी) वेगळा आणि हाउसिंग वेगळं असतं. पण बुश प्रेस करून नंतर मशीनिंग होत असेल, तर सुटा बुश गिऱ्हाइकाला विकून उपयोग नाही. तिथे अख्खी असेंब्ली एका बलूनवर दाखवावी लागते. ऑइल सील आणि ओ-रिंग सुटे दाखवायचे की किट म्हणून? अमुक चेसिस नंबरनंतर पार्ट बदलला असेल तर एका चित्रात भागेल की दोन लागतील? शिवाय मेकॅनिक ट्रॅक्टरखाली आडवा पडून ज्या बाजूने बघतो ती बाजू कॅडच्या ठरीव आयसोमेट्रिक व्ह्यूमध्ये दिसतच नाही. आधी कुठला बोल्ट सैल करायचा, हात कुठून घालायचा हे मॉडेलमध्ये लिहिलेलं नसतं. ते कळायला वर्कशॉपमध्ये जाऊन अ‍ॅग्रिगेट (इंजिन, गिअरबॉक्ससारखा अख्खा भाग) उघडताना बघावं लागतं. आमच्या लाइनमधले बरेच जण तिथे कधी फिरकतच नाहीत, आणि नोकऱ्या जायला लागल्या की आधी त्यांच्याच जातात, असं माझं मत आहे.

काम कुठे आहे तेही सांगतो. संरक्षण खात्याच्या खरेदीत यंत्राबरोबर आयईटीएम, म्हणजे स्क्रीनवर चालणारं इंटरॅक्टिव्ह मॅन्युअल मागतात, आणि त्यासाठी जेएसजी ०८५२ हे सैन्यदलांचं स्वतःचं मानक आहे. ओझरला एचएएलची तेजस लढाऊ विमानांची लाइन २०२५मध्ये सुरू झाली, वडोदऱ्यात सी-२९५ ही वाहतुकीची विमानं जुळवण्याचा कारखाना आहे, माझगाव डॉकमध्ये युद्धनौका बांधतात. या प्रत्येकाबरोबर हजारो पानांची माहिती जाते. विमानांच्या जगात एस१०००डी हे तांत्रिक माहितीचं मानक चालतं: माहिती डेटा मोड्यूल नावाच्या सुट्या तुकड्यांमध्ये तोडायची, प्रत्येक चित्राला स्वतंत्र ओळख नंबर (आयसीएन), चित्रातल्या पार्टवर हॉटस्पॉट, म्हणजे क्लिक करायची जागा. हे सांभाळणाऱ्या माणसाला 'चित्रकार' म्हणून कुणी बाजूला काढत नाही. अमेरिकी लष्करी काम मात्र निर्यात नियंत्रणाच्या नियमांमुळे सहसा इकडे येत नाही, त्याची आशा धरू नकोस.

दुसरी जागा छोटी आहे, पण आपल्या भागातली आहे. युरोपियन युनियनचा नवा मशिनरी कायदा २० जानेवारी २०२७पासून लागू होतो. त्यात सूचना-पुस्तिका डिजिटल देण्याची मुभा आहे. गिऱ्हाइकाने खरेदीच्या वेळी मागितली तर कागदी प्रत फुकट द्यावी लागते. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडे मशिनं बनवणाऱ्या आणि बाहेर पाठवणाऱ्या कितीतरी कंपन्यांची मॅन्युअल्स अजून वर्डमध्ये चिकटवलेल्या मोबाइलच्या फोटोंवर चालतात. तिथे कामाला वाव आहे. मालक घासाघीस करतो आणि बिल लांबवतो, तेव्हा अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडू नकोस. पेटंटच्या ड्रॉइंगचं कामही असतं, पण ते भरवशाचा जोडधंदा म्हणूनच धर.

यूआय-यूएक्सकडे आवड असेल तर जा, भीतीपोटी जाऊ नकोस. तिथे फ्रेशरची गर्दी आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि तुझं मशीन समजण्याचं भांडवल तिथे शून्य होतं. त्यापेक्षा नोकरी शोधताना 'टेक्निकल इलस्ट्रेटर' एवढंच टाइप करणं थांबव. 'टेक्निकल पब्लिकेशन', 'सर्व्हिस इन्फर्मेशन', 'पार्ट्स डेटा', 'आफ्टरमार्केट' हे शब्द टाकून बघ. पगाराची उडी बहुतेक तिथेच मिळते, कारण ती माणसं व्हेंडरकडे नाही, थेट कंपनीत बसतात.

पोर्टफोलिओत कंपनीची चित्रं टाकू नकोस, गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. घरचा मिक्सर किंवा गावाकडचा पाण्याचा पंप स्वतः खोल आणि त्याचं पूर्ण पॅकेज कर: एक्स्प्लोडेड व्ह्यू, पार्ट लिस्ट, उघडण्याचा क्रम, कुठला पार्ट सुटा मिळावा आणि का. इंटरव्ह्यू घेताना मी तरी तो 'का' आधी वाचतो.

राहिला कोर्स. अ‍ॅनिमेशनसाठी कर्ज काढू नकोस. ब्लेंडर फुकट आहे आणि कामापुरतं घरी शिकता येतं. एस१०००डीचं स्पेसिफिकेशनही नाव नोंदवून फुकट उतरवता येतं. प्रचंड मोठं आणि वाचायला रटाळ आहे. चित्रांचा आणि पार्ट्स डेटाचा भाग आधी वाच, अडशील तिथे इथेच विचार.