नळ्यांची रचना वेगळी होती, मग चूक कुणाची?

प्रश्न (थोडक्यात) : माझ्या पत्नीचं, वय ३८, पित्ताशय खड्यांमुळे तालुक्याच्या गावी दुर्बिणीतून काढलं. बिल ५५ हजार. दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. तिसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, ताप आला. डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केला, तर ‘गॅस आहे, दोन दिवसांत बरं वाटेल’ असं उत्तर. नवव्या दिवशी डोळे पिवळसर दिसले म्हणून पुण्याला हलवलं. तिथे एमआरसीपीत (पित्तनळ्यांच्या एमआरआय तपासणीत) यकृताच्या उजव्या बाजूची एक पित्तनळी कापली गेल्याचं कळलं. पोटात साठलेलं पित्त नळी घालून काढलं, पुढे मोठं ऑपरेशन करून ती पित्तनळी आतड्याला जोडली. साडेसहा लाख गेले. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘त्यांची रचनाच जन्मतः वेगळी, हजारात एखाद्याची असते. यात माझी काय चूक?’ संमतीपत्रावर सही माझी आहे. १९ महिने झाले. मेहुणे दवाखान्यात जाऊन जाब विचारायचं म्हणताहेत. पोलिसांत जावं का?

उत्तर : मेहुण्यांना आधी थांबवा. दवाखान्यात आरडाओरडा, तोडफोड झाली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली तो अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. फिर्यादीचे आरोपी व्हायला अर्धा तास पुरतो, आणि मग तुमच्या पत्नीचं दुखणं बाजूला राहतं.

आता डॉक्टरांच्या उत्तराकडे वळू. ‘रचना वेगळी होती’ हे खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण ‘हजारात एखादी’ ही गोष्ट मला पटत नाही. यकृतातून निघणाऱ्या पित्तनळ्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे जुळलेल्या साधारण साठ टक्के माणसांतच सापडतात. बाकीच्यांत काही ना काही फरक असतो. उजव्या मागच्या भागाची नळी कधी खूप खाली येऊन, पित्ताशयाच्या नळीच्या अगदी शेजारी जोडली जाते. उजव्या यकृताची रक्तवाहिनीही कधी पित्ताशयाला खेटून, वळण घेऊन जाते. हे सगळं शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. ठरावीक एखाद्या पेशंटमधला फरक अनपेक्षित असू शकतो. फरक असू शकतो, हे मात्र अपेक्षितच असतं.

म्हणूनच १९९५ पासून या ऑपरेशनमध्ये एक नियम रूढ झाला. काहीही कापण्याआधी पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोणी भाग चरबी काढून मोकळा करायचा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. शंका आली तर नळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढता येतो, पोट उघडता येतं, पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून बाहेर पडता येतं. हे सगळं करूनही इजा होऊ शकते. तसं झालं असेल तर कायदा डॉक्टरांच्या बाजूने उभा राहील. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सांगितलंय की कसोटी सर्वसाधारण कुशल डॉक्टरची आहे, आणि प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. ऑपरेशनआधी एमआरसीपी का केलं नाही, हा मुद्दाही मी उचलणार नाही. साध्या खड्यांच्या पेशंटला ते सरसकट करत नाहीत आणि सोनोग्राफीत या बारीक नळ्या सहसा दिसत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत ऑपरेशन नोटची प्रत आहे. मी ती तीनदा वाचली, कारण चौथी ओळ नाहीच. ‘कॅलॉट्स ट्रँगल डिसेक्टेड. क्लिप्स अप्लाइड. स्पेसिमेन रिमूव्ह्ड.’ म्हणजे, तो त्रिकोणी भाग मोकळा केला, क्लिप लावल्या, पित्ताशय काढलं. एवढंच. रचना वेगळी होती हे डॉक्टरांना आज आठवतंय, तर त्या दिवशी स्वतःच्या हाताने का लिहिलं नाही? आणि त्या दिवशी दिसलीच नव्हती, तर आज ती कुठून कळली? पुण्याच्या रिपोर्टवरून? उलटतपासणीत हाच प्रश्न विचारला जाईल.

तरीही खरं सांगतो, तुमच्या केसचं वजन ऑपरेशन टेबलावर कमी आणि पुढच्या आठवड्यात जास्त आहे. नळी कापली जाणं ही दुर्दैवी गुंतागुंत म्हणून सांगता येईल. पण पित्ताशय काढलेल्या बाईचं पोट तिसऱ्या दिवशी फुगतं, ताप येतो, तेव्हा पित्त गळतंय का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी न करता फोनवर ‘गॅस’ म्हणणं, याला रचनेचा आधार नाही. तो व्हॉट्सअ‍ॅप तुमचा सर्वांत मोठा पुरावा. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र आपण जोडू.

सहीचं विचाराल, तर पत्नी शुद्धीवर, सज्ञान होत्या. सही त्यांचीच हवी होती. समिरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं आहे : पेशंट स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर नातेवाइकाची संमती त्याच्या जागी चालत नाही. मात्र ऑपरेशन तुमच्या पत्नीला हवंच होतं, म्हणून या एकट्या मुद्द्यावर केस उभी राहणार नाही. तो जोडमुद्दा.

पोलिसांचा मार्ग मला पटत नाही. फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरच्या मताशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये, असं त्याच जेकब मॅथ्यू निकालात आहे. वेळ जाईल, भरपाई मिळणार नाही. वैद्यकीय परिषदेकडची तक्रार परवान्यापुरती. तीही पैसे देत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारदार पत्नी असू द्या, तुम्ही सहतक्रारदार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पहिल्या डॉक्टरांना दिलेलं बिल पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी नाही. मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं. ती इजा कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण मी ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजतो. म्हणजे हातात पाच महिने. वकिली नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. नोटिसा पाठवत बसून दोन वर्षं ओलांडलेले लोक दर वर्षी माझ्याकडे येतात.

उद्याच एक अर्ज द्या : संपूर्ण केस पेपर, नर्सिंग चार्ट, ऑपरेशनचा व्हिडिओ रेकॉर्ड केला असल्यास त्याची प्रत. लेखी मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा.

राहिलं तज्ज्ञाचं मत. प्रत्येक केसमध्ये ते लागत नाही, पण नळ्यांच्या गुंत्यात लागेलच. पुण्यात दुसरं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना भेटा. ते साक्ष देणार नाहीत, असं गृहीत धरा. त्यांच्या डिस्चार्ज कार्डवर कोणती नळी, कुठे आणि किती दिवसांपूर्वी कापली गेली, एवढं स्पष्ट लिहून मागा. येताना ते कार्ड आणि एमआरसीपीची सीडी दोन्ही आणा, नुसता रिपोर्ट नको.