वाचकांचे प्रश्न : गोधडी कोणासाठी शिवायची?

या वेळच्या टपालात एकत्र जमून गोधड्या शिवणाऱ्या आणि त्या गरजूंना देणाऱ्या गटांची पत्रे बरीच होती. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे न देता ते येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणींनी गोधड्या शिवण्याचा गट सुरू केला आहे. रुग्णालयातील लहान मुलांसाठी गोधड्या द्याव्यात, असे ठरले असून कापडही जमले आहे. कोणत्या मापाने सुरुवात करावी?

कापड जमले आणि मापाचा विचारही सुरू झाला, पण रुग्णालयाला काही विचारल्याचा उल्लेख आपल्या पत्रात कोठेही नाही. तेथील परिचारिकांशी किंवा समाजसेवा विभागाशी बोलल्यावाचून कात्री हातात घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. काही ठिकाणी फक्त नव्या सुती कापडाच्याच वस्तू स्वीकारतात, काही ठिकाणी वस्तू आधी धुऊन, सीलबंद पिशवीतच द्यावी लागते आणि काही ठिकाणी गोधड्यांची गरजच नसते. दहा गोधड्या शिवून झाल्यावर हे कळले, तर गटाचा उत्साह मावळतो आणि रुग्णालयाच्या कोठीत एक गाठोडे तेवढे वाढते.

मापाचे उत्तर मूल किती मोठे आहे यावर अवलंबून आहे. एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण, उशी किंवा गोधडी ठेवू नये, अशी बालरोगतज्ज्ञांची स्पष्ट शिफारस आहे, कारण ते तोंडावर आल्यास बाळाचा श्वास कोंडू शकतो. त्यामुळे इतक्या लहान बाळांसाठी शिवायचेच असेल, तर ती गोधडी जमिनीवर अंथरून, जागे असलेल्या बाळाला मोठ्यांच्या देखत खेळवण्यासाठी आहे, असे तिच्यावरच लिहावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचपेटीत ठेवतात, तिच्यावर बाहेरून घालण्याची आच्छादने मात्र अनेक नवजात कक्षांना उपयोगी पडतात, कारण त्यामुळे प्रखर उजेड बाळाच्या डोळ्यांवर येत नाही. त्यांचे माप पेटीच्या मापावर ठरते आणि ते कक्षातूनच मिळवावे लागते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी साधारण ४० इंच रुंद आणि ५० इंच लांब गोधडी सोयीची होते. ती खाटेवर पुरते, तपासणीला जाताना मुलाला स्वतःच उचलून नेता येते आणि धुण्याच्या यंत्रातही सहज मावते. बटणे, मणी, टिकल्या, सुटणाऱ्या फिती यांना या कामात जागा नाही. लाल आणि गडद निळे कापड शिवण्याआधी धुऊनच घ्यावे. ते रंग सोडणारे निघाले, तर पहिल्याच धुण्यात शेजारचे पांढरे तुकडे गुलाबी किंवा निळसर होतात. तयार गोधडी सुगंध नसलेल्या साबणाने धुवावी आणि आत एकही टाचणी राहिलेली नाही, हे दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी हात फिरवून पाहावे. तपासणीचे हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून ते पाळीपाळीने वाटून घ्यावे.

प्रश्न : आमच्या गटात प्रत्येकीने घरून एक चौकोन शिवून आणायचा आणि मग सगळे जोडायचे, अशी पद्धत आहे. पण चौकोन कधीच सारख्या मापाचे येत नाहीत. कोणाचे काम उसवून पुन्हा शिवले, तर ती दुखावते. काय करावे?

एकत्र गोधडी शिवणारा प्रत्येक गट या प्रश्नातून जातो. यात हिशेबाचा भाग वेगळा आहे आणि माणसांचा वेगळा. त्यांची सरमिसळ केल्यामुळेच बहुतेक कटकटी होतात.

जोडल्यानंतर १२ इंचांचा दिसायला हवा असलेला चौकोन सुटा असताना साडेबारा इंचांचा असावा लागतो, कारण चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातो. आता त्या चौकोनात एका ओळीत चार तुकडे असतील, तर त्यांच्यामध्ये तीन शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी १/१६ इंच कापड जास्त गेले, तरी एका शिवणीत १/८ आणि तीन शिवणींत ३/८ इंच घटतो. शिवणारीला आपण काही चुकलो असे वाटतही नाही, आणि तिचा चौकोन मात्र शेजारणीच्या चौकोनापेक्षा डोळ्यांना दिसेल इतका लहान होतो. मशीनची सुई आणि कापड दाबून धरणाऱ्या पायाची कड यांतील अंतर प्रत्येक मशीनवर वेगळे असते, त्यात मोजपट्ट्याही वेगवेगळ्या, मग मापे जुळावीत कशी?

म्हणून कापड कापण्याचे काम एक-दोन जणींनीच, एकाच पट्टीने करावे आणि प्रत्येकीला कापलेले तुकडे पिशवीत घालून द्यावेत. खरा चौकोन शिवण्याआधी चिंध्यांचा एक नमुना शिवून तो सर्वांसमोर मोजावा. इतके करूनही फरक राहिला, तर प्रत्येक चौकोनाभोवती एकाच रंगाची रुंद पट्टी लावून मग सगळे चौकोन सारख्या मापाला कापून घ्यावेत. लहान-मोठेपणा त्या पट्टीत मुरतो आणि गोधडीला एक चौकटही मिळते. निरनिराळ्या हातांच्या कामाला एकत्र आणण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

आता दुखावण्याविषयी. कोपऱ्यावर कोपरा नेमका बसला नाही किंवा टाके थोडे लहान-मोठे पडले, तर त्याला हात लावू नये. पांघरणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. मात्र शिवण सुटत असेल, कडेला पुरेसे कापड उरलेले नसेल किंवा शेवटचा दोरा पक्का केलेला नसेल, तर ते दुरुस्त करायलाच हवे, कारण तिसऱ्या-चौथ्या धुण्यात तेथेच भोक पडते आणि आतला कापूस बाहेर येतो. ही रेषा गटाने आधीच ठरवून सर्वांना सांगितली असेल, तर दुरुस्तीचा राग व्यक्तीवर निघत नाही. आणि दुरुस्ती तिच्या अपरोक्ष, रात्रीतून उसवून कधीही करू नये. तिच्याच हाती देऊन, शेजारी बसून करावी. नीटनेटकेपणाच्या नावाखाली दोन-तीन कुशल जणींनी सगळे काम आपल्याकडे ओढून घेतले की बाकीच्या हळूहळू येईनाशा होतात आणि मग उरतो तो गट नव्हे, एक शिवणघर.

प्रश्न : माझे दीर म्हणतात, "एवढ्या वेळात आणि पैशात बाजारातून दुप्पट ब्लँकेटे येतील. तुमचे हे दान म्हणजे हौस आहे." मला उत्तर देता आले नाही. त्यांचे चुकते कोठे?

पूर येतो, भूकंप होतो, शेकडो कुटुंबे रातोरात उघड्यावर येतात, तेव्हा त्यांचे अजिबात चुकत नाही. अशा वेळी पैसे किंवा एकगठ्ठा विकत घेतलेली ब्लँकेटेच लवकर पोहोचतात, आणि आपल्या गटाने तेव्हा शिवायला न बसता वर्गणी काढावी, हेच योग्य. त्यांची चूक एवढीच, की पांघरूण ऊब देण्यापलीकडे काही करू शकते, हे ते धरतच नाहीत.

१९४२ साली सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती गेल्यावर चांगीच्या तुरुंगात स्त्रिया आणि पुरुष कैद्यांना वेगवेगळे ठेवण्यात आले होते. आपला नवरा जिवंत आहे की नाही, हे बायकोला कळत नव्हते आणि तिची खबर त्याला. एथेल मल्व्हेनी या कॅनेडियन कैदी स्त्रीच्या कल्पनेतून तेथील स्त्रियांनी तीन गोधड्या केल्या. प्रत्येकीत ६६ चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनावर तो भरणाऱ्या स्त्रीने काही चित्र काढून आपले नाव गुंफले होते. गोधड्या इस्पितळातील जखमी सैनिकांसाठी आहेत, असे सांगण्यात आले. एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक खुद्द जपानी जखमींसाठी, म्हणजे पहारेकऱ्यांनाही नाही म्हणायला जागा उरली नाही. त्या चौकोनांवरची नावे पुरुषांच्या बाजूला वाचली गेली आणि आपले माणूस अजून आहे, हे कळले. बाजारातल्या ब्लँकेटाकडून हे काम झाले नसते. गोधडी कोणाला द्यायची, एवढेच नव्हे, तर ती 'ड्राय क्लीन' करणे इष्ट, हेही त्या बायांनी पाठीमागे लिहून ठेवले. तुरुंगात बसून इतका व्यवहारीपणा, याचे मला अजूनही नवल वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. एड्सने मरण पावलेल्यांचे नाव घेण्याचीही लाज बाळगली जात होती, त्या काळात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने स्मृती-क्विल्टची, म्हणजे आठवणींच्या गोधडीची, कल्पना मांडली. गेलेल्या प्रत्येक माणसासाठी त्याच्या जवळच्यांनी ३ फूट बाय ६ फुटांचा एक कापडी पट्टा शिवायचा. हे माप साधारण एका थडग्याचे. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनमधील नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर हा क्विल्ट प्रथम अंथरला गेला, तेव्हा त्यात १,९२० पट्टे होते. आठ पट्टे जोडून १२ फुटांचा एक चौकोन करायचा, हा साधा नियम असल्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे काम नेमके जुळत गेले. पट्टे शिवणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्याआधी सुई धरलेलीही नव्हती.

आपला गट असे काही ऐतिहासिक करील, असे मी सुचवत नाही. पण दीर्घ आजारात खाटेला खिळलेल्या माणसाला त्याच्यासाठी म्हणून शिवलेली वस्तू मिळते, तेव्हा ती वस्तू 'तुझी आठवण कोणीतरी काही तास ठेवली' असे सांगत असते, आणि हे सांगणे किमतीत मोजता येत नाही. दिरांना हेही सांगावे, की हौस असण्यात काहीच गैर नाही. हौस नसलेली गोधडी कोणी पुरी करीत नाही.

प्रश्न : एक गोधडी लिलावात किंवा सोडतीत देऊन पैसे उभे करायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

सोडत ही कायद्याच्या दृष्टीने बऱ्याच देशांत लॉटरीच ठरते आणि तिला परवाना लागू शकतो किंवा तिच्यावर बंदीही असू शकते, म्हणून तिकिटे छापण्याआधी चौकशी करावी. लिलाव त्या मानाने सरळ. एक जुनी पद्धतही वापरण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रेड क्रॉससाठी लोकांकडून थोडे पैसे घेऊन त्यांची नावे गोधडीवर भरून देत आणि पुढे ती गोधडी लिलावात काढत. म्हणजे एकाच गोधडीतून दोनदा पैसे उभे राहत आणि ज्यांना लिलावात बोली लावणे परवडत नाही, त्यांचाही वाटा लागे.

हिशेबात कापूस, दोरा आणि अस्तर यांचा खर्च आधी वजा करावा की नाही, हे पैसे येण्यापूर्वी लिहून ठेवावे. उत्पन्न दान होणार, असे जाहीर केले असेल, तर नंतर त्यातून कात्र्या घेऊ नयेत. शिवणाऱ्यांपैकी कोणाला मोबदल्याची गरज असेल, तर तेही उघडपणे बोलावे. १९६६ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभी केलेली फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था दानासाठी नव्हे, शिवणाऱ्यांनाच उत्पन्न मिळावे यासाठी होती, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नव्हते. दान आणि रोजगार यांपैकी आपले काम कोणते, हे प्रत्येकीला ठाऊक असले, म्हणजे पुरे.

प्रश्न : गटातील दोन ज्येष्ठ सदस्यांना आता बारीक टाके दिसत नाहीत. त्या येणे बंद करू म्हणतात.

त्यांना टाक्यांचे काम देऊ नये, इतकेच. रंग निवडणे, तुकडे मांडून पाहणे, इस्त्री, मोजदाद, नव्या मुलींना धावदोरा शिकवणे, यांतले काहीही त्या उत्तम करू शकतील. गोधडीचे तिन्ही थर, म्हणजे वरचे कापड, मधला भराव आणि अस्तर, ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याने गाठी मारून बांधण्याची पद्धतही आहे. तिच्यात मोठी सुई चालते आणि नजरेपेक्षा हाताचा अंदाज अधिक कामाला येतो. दोन गाठींत किती अंतर चालेल, हे भरावाच्या वेष्टनावर छापलेले असते. ते ओलांडले, तर धुताना आतला भराव गोळा होतो.

प्रश्न : वृद्धाश्रमाला दिलेल्या गोधड्या पांघरलेल्या आजी-आजोबांची छायाचित्रे आम्ही मागितली, पण व्यवस्थापनाने नकार दिला. आमच्या सदस्या नाराज आहेत.

नकार योग्यच आहे. पांघरूण स्वीकारले म्हणजे स्वतःचा चेहरा दाखवण्याची संमती दिली, असे होत नाही, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला तर अनेकदा अशी संमती देताही येत नाही. छायाचित्रे हवीच असतील, तर गोधड्या पाठवण्याआधी त्यांचीच काढून ठेवावीत. छायाचित्रांऐवजी दोन-तीन महिन्यांनी व्यवस्थापनाला काही गोष्टी विचाराव्यात. गोधड्या किती वेळा धुतल्या, कोठे उसवल्या, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या गोधडीची कड चाकात अडकते का? अडकत असेल, तर पुढची गोधडी रुंदीला कमी करावी आणि उसवलेली परत मागवून शिवून द्यावी.