1996 च्या माझदा एमएक्स-5 मध्ये जुना ऑईल प्रेशर मीटर बसेल का?

बसेल, पण नुसता मीटर बदलून भागणार नाही. तुम्ही लिहिलंय की गाडी रेस केली तरी काटा मधेच उभा राहतो. तो बिघाड नाही. 1995 पासून माझदाने या गाडीत दिखाऊ मीटर दिला: प्रेशर आहे की नाही, एवढंच तो सांगतो. 1994 पर्यंतच्या गाड्यांत खरा मीटर होता, आकड्यांसकट.

म्हणून जुन्या गाडीचा मीटर आणि त्याचा सेंडर (ऑईलचं प्रेशर ओळखून मीटरला सिग्नल देणारा भाग), दोन्ही घ्या. सेंडर इंजिन ब्लॉकवर, ऑईल फिल्टरजवळ, इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या बाजूला असतो. 1995 नंतरच्या गाडीतला छोटा बटणासारखा, 1994 पर्यंतचा डबीएवढा फुगीर. हातात घेतला की लगेच कळतं. त्याला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. आमच्याकडे जालन्यात एका गाडीला मिस्त्रीने सवयीने भरपूर टेप लावला आणि काटा वेड्यासारखा नाचत राहिला. टेप काढला, काटा जागेवर आला.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, एअरबॅग असेल तर थोडा वेळ थांबा. मीटरची काच उघडल्यावर काट्याला बोट लावू नका. स्पीडोमीटरला हात घालायची गरजच नाही, किलोमीटरचं रीडिंग आहे तसं राहू द्या.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, इंजिन तापल्यावर, आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, काटा खाली येईल. घाबरू नका, गरम ऑईल पातळ होतं. रेस केल्यावर वर चढला नाही, तर मात्र गाडी तिथेच बंद करा.