वीस वर्षं झोपलेल्या माणसाची गोष्ट

प्रश्न : शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात डोंगरात जाऊन वीस वर्षं झोपणाऱ्या माणसाचा धडा होता. परवा मुलीला सांगायला बसलो तर लेखकाचं नावच आठवेना. नेटवर शोधलं तर कुणीतरी लिहिलेलं की गोष्ट मुळात जर्मन आहे, लेखकाने उचलली. खरं काय?

उत्तर : गोष्ट 'रिप व्हॅन विंकल' आणि लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग. जर्मन गोष्टीचंही खरं आहे. तिच्यात पीटर क्लाउस नावाचा शेळ्या राखणारा आहे, तो डोंगरात जातो, तिथे जुन्या काळातले सरदार खेळताना दिसतात, त्यांची वाइन पितो आणि झोपतो, उठतो तर वीस वर्षं गेलेली. रिपचंही तसंच, फक्त डोंगर अमेरिकेतल्या हडसन नदीजवळचे कॅट्सकिल आणि खेळणारे लोक जुन्या डच वेशातले. अर्व्हिंगने ते लपवलं असंही नाही, शेवटी जी टीप जोडलीय तिच्यात जर्मनीतल्या किफहॉयझर डोंगराचं नाव त्याने स्वतःच घेतलंय.

तरी मी उचलली म्हणणार नाही. झोपून राहिलेली माणसं सगळीकडच्या गोष्टींत असतात, आपल्याकडे मुचकुंद आहेच की गुहेत झोपलेला. उठल्यावर त्या माणसाला काय दिसतं ते महत्त्वाचं. क्लाउस उठतो तेव्हा गावातली माणसं म्हातारी झालीत नाहीतर मेलीत, बाकी जग तेच. पण रिप झोपतो तेव्हा इंग्लंडच्या राजाची प्रजा असतो आणि उठेपर्यंत अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध होऊन राजा गेलेलासुद्धा! गावात येतो तर खानावळीच्या पाटीवर आधी त्याच राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं, चित्र होतं, चेहरा तोच ठेवलाय पण लाल कोट निळा केलाय, हातात राजदंडाऐवजी तलवार आणि खाली नाव जनरल वॉशिंग्टन, म्हणजे त्या युद्धातला अमेरिकेचा सेनापती. दिवस नेमका निवडणुकीचा, लोक विचारतात कुणाच्या बाजूचा, हा बिचारा म्हणतो मी राजाशी एकनिष्ठ, की लगेच हेर हेर म्हणून ओरडा. हे सगळं अर्व्हिंगचं स्वतःचं आहे आणि माझ्या मते गोष्टीचा जीव तिथेच आहे. वीस वर्षांत देश बदलला आणि पाटीवरचं तोंड मात्र तेच, एवढ्या छोट्या गोष्टीत केवढं सांगून टाकलं त्याने!

प्रश्न : अर्व्हिंगला अमेरिकन कथेचा जनक म्हणतात. त्याच्या आयुष्याबद्दल थोडं सांगाल का?

उत्तर : जनक शब्द जरा मोठा आहे, त्याच्याआधीही तिकडे लोक गोष्टी लिहीत होतेच. पण युरोपने मनापासून वाचलेला आणि लिहिण्यावर पोट भरलेला पहिला अमेरिकन लेखक तो, हे मात्र पक्कं.

जन्म न्यूयॉर्कचा, १७८३ चा, म्हणजे युद्ध संपलं त्याच वर्षीचा. अकरा भावंडांत शेवटचा, नाव जॉर्ज वॉशिंग्टनवरून ठेवलेलं. वकिली शिकला पण तिच्यात मन नव्हतं. १८०९ साली ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती माटिल्डा हॉफमन क्षयाने गेली, सतरा वर्षांची होती. पुढे त्याने लग्न केलंच नाही. त्याच वर्षी त्याचं न्यूयॉर्कच्या इतिहासाचं विनोदी पुस्तक आलं आणि त्यासाठी त्याने केलेली करामत मला फार आवडते. पेपरात आधी बातमी दिली की निकरबॉकर नावाचा एक म्हातारा हॉटेलातून बेपत्ता आहे, मग हॉटेलवाल्याच्या नावाने छापलं की तो आला नाही तर त्याच्या खोलीत सापडलेलं हस्तलिखित छापून बिल वसूल करू. लोकांना खरं वाटलं!

मग घरच्या धंद्यासाठी १८१५ ला लिव्हरपूलला गेला आणि १८१८ ला धंदा बुडाला. दिवाळं निघालेलं, वय पस्तीस, घर समुद्रापलीकडे. अशात बर्मिंगहॅमला बहिणीकडे राहत असताना त्याने रिप लिहिला. आणि गंमत बघा, कॅट्सकिलच्या डोंगरात तोवर त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं, लहानपणी नदीतून बोटीने जाताना लांबून बघितलेले तेवढेच. ही कथा मला नेहमी घरापासून लांब अडकलेल्या माणसाची वाटते ती यामुळे. १८१९ पासून 'द स्केच बुक' हा त्याचा कथा-लेखांचा संग्रह न्यूयॉर्कमध्ये भागाभागाने निघाला, रिप पहिल्याच भागात. तेव्हा परदेशी लेखकाला कॉपीराइटचा आधार नव्हता, म्हणून इंग्लंडमधल्यांनी परस्पर छापू नये यासाठी लंडनलाही स्वतः छापायची धडपड केली, तिथला प्रकाशक बुडाला, शेवटी प्रसिद्ध कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या मदतीने दुसरा प्रकाशक जॉन मरे तयार झाला. घरी परतला ते १८३२ ला, सतरा वर्षांनी. रिपपेक्षा तीनच वर्षं कमी!

नंतर स्पेनमध्ये राजदूत होता, जॉर्ज वॉशिंग्टनचं पाच खंडांचं चरित्र लिहिलं, ते पूर्ण झालं त्याच वर्षी, १८५९ ला वारला.

प्रश्न : वाचायला कुठून सुरुवात करू?

उत्तर : 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो'. मास्तर इकाबॉड क्रेन, श्रीमंत शेतकऱ्याची मुलगी कात्रिना, तिच्यासाठी चढाओढ करणारा ब्रॉम आणि रात्री मागे लागणारा मुंडकं नसलेला घोडेस्वार. सकाळी मास्तर गायब, त्याची टोपी आणि शेजारी फुटलेला भोपळा एवढंच सापडतं, पुढचं तुम्हीच ठरवा. मग अल्हम्ब्राच्या गोष्टी घ्या, स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या त्या राजवाड्यात तो १८२९ साली खरंच राहिला होता. कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर सगळं फुकट मिळतं. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक, सुरुवातीला दमायला होईल, पण पहिली दोन-तीन पानं रेटा आणि शक्यतो मोठ्याने वाचा, मुलीलाही सोबत बसवा.