घरगुती व्यवसायाची वेबसाइट काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की कुडाळजवळ तुमचं कोकमाचं आगळ, कोकम सरबत आणि आंबापोळीचं घरगुती काम आहे. विक्री ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होते, आता वेबसाइट काढायची आहे, आणि एका एजन्सीने 60 हजार सांगितलेत. द्यावेत का, असं विचारलंत.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. गेले सहा हंगाम स्वतःच्या साइटवरून पेट्या विकतोय. माझं स्पष्ट मत, आत्ता ते 60 हजार देऊ नका. एजन्सी चांगलीही असेल. पण तुम्हाला नक्की काय हवंय ते तुमच्याकडे लिहिलेलं नसेल, तर समोरचा त्याला जे येतं तेच बनवून देणार.

आधी एक शंभर पानी वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. पंधरा दिवस गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. माझ्या वहीत आलं होतं: पेटीत किती डझन? नाशिकला पाठवता का? कार्बाइडने पिकवलेला तर नाही ना? एखादा खराब निघाला तर? आणि सगळ्यात जास्त वेळा, "पेटी आली, पण आंबे हिरवे आहेत, असे कसे पाठवलेत?" आम्ही आंबा तयार झाला की काढतो, तो पिकतो पेंढ्याच्या आढीत. आम्हाला हे लहानपणापासून माहीत, त्यामुळे ते सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नव्हतं. शेवटी पेटी कशी उघडायची, पेंढा कधी काढायचा, फ्रिजमध्ये का ठेवायचं नाही, हे फोटोंसह लिहिलं. आज माझ्या साइटवर सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे. तुमच्याकडे असंच कुणीतरी "आगळ आणि सरबत यात फरक काय" हे विचारत असणार. आगळात मीठ असतं, साखर नसते, सोलकढीला ते लागतं हे मुंबईत वाढलेल्या मुलीला कोण सांगणार? तुम्हीच सांगा. तुमच्या साइटचा निम्मा मजकूर त्या वहीतून निघेल.

दुसरी गोष्ट नावाची, आणि इथे मी फार मोठा फटका खाल्लाय, म्हणून सविस्तर सांगतो. साइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, त्याच्या ईमेलवरून, त्याच्या खात्यात घेतलं. मी पैसे दिले, पण नाव त्याच्या ताब्यात. दोन वर्षांनी त्याने काम सोडलं, नंबर बदलला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या मेलवर गेली आणि ऐन मार्चमध्ये साइट बंद पडली. पेट्यांवर छापलेला पत्ता, जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये साठवलेला पत्ता, काहीच उघडेना. त्याला शोधून काढून नाव परत मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि आमचा हंगामच मुळात अडीच महिन्यांचा. म्हणून डोमेन तुम्ही स्वतः घ्या. बिल तुमच्या नावे, ईमेल तुमचा, ओटीपी तुमच्या मोबाइलवर. साइटसोबत ते मोफत मिळत असलं तरी कुणाच्या नावावर होतंय ते विचारा. नाव घेताना पुढच्या वर्षीचा दरही बघा, पहिल्या वर्षी स्वस्त देऊन नंतर दुप्पट लावायची पद्धत आहे. देवनागरीतलं .भारत डोमेनही 2014 पासून मिळतं. ते हौसेने जोडीला घ्या, पण छापताना रोमन अक्षरांतलं छोटं नाव द्या, फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल असं.

मजकुराबद्दल एक अडचण तुम्हाला नक्की येणार. तुमचं जुनं पत्रक डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं असेल, तर तो मजकूर साइटवर चिकटवला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखा दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या नाहीतर सरळ नव्याने टाइप करा, मोबाइलवर बोलूनही होतं. फॉन्टवर पैसे घालवू नका. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट फुकट आहे आणि बारीक अक्षरांतही छान वाचता येतो.

फोटो फोनवरचेच चालतील. सकाळच्या उजेडात, पडवीत, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर बाटली ठेवून काढा. फक्त चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, दीडदोनशे केबीपर्यंत आणा. घाटात एसटीत बसून बघणाऱ्याला पान उघडलं पाहिजे.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांच्या परवान्याचा, 14 अंकी क्रमांक बाटलीवर आणि साइटवर हवा. वजन, एमआरपी, तुमचं नाव-पत्ता साइटवरही दाखवावं लागतं, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव व नंबरही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत द्यायला सांगितलंय. जीएसटीचं मात्र नीट बघा. माझा ताजा आंबा करमुक्त आहे, तुमचं सरबत आणि आंबापोळी नाही. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. आणि तुम्हाला राज्याबाहेर म्हणजे बांद्याच्या पलीकडे गोवा! पणजीची पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी सीएशी बोला. साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारे पेमेंट गेटवेवाले परतावा, पाठवणी आणि गोपनीयतेची पानं तयार असल्याशिवाय खातं चालू करत नाहीत, तेव्हा ती आधी लिहा. आमच्या हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही ते आहे, पण त्याचं चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्यावरच लावता येतं.

आता सुरू कधी करायची? सरबताची मागणी मार्चपासून चढते, म्हणून साइट संक्रांतीच्या आत उभी राहू दे. गूगलला नवी साइट ओळखायला वेळ लागतो. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडून सर्च इंजिनांना रोखणारी खूण काढलीय का ते स्वतः बघा. काम चालू असताना ती लावतात आणि नंतर विसरतात. माझी तब्बल दोन महिने तशीच राहिली होती.

पहिल्याच दिवशी स्टेटस टाकून गावभर सांगू नका. वीस जुन्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवा आणि म्हणा, "एक बाटली मागवा आणि कुठे अडलात ते कळवा." माझ्या मावशीने पिनकोडच्या रकान्यात मराठी आकडे टाकले आणि साइटने तो पिनकोड चुकीचा ठरवला. आम्हा कुणाला ते कधी सुचलंच नसतं. आणि प्रत्येक वस्तूपुढे हातातला साठा भरा. एका अक्षय्य तृतीयेला माझ्याकडे 40 पेट्या होत्या आणि ऑर्डरी 63 आल्या. 23 घरी फोन करून माफी मागितली, पैसे परत केले, त्यातली काही माणसं पुन्हा आली नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) आणि पाच-सहा पानांची साधी साइट एवढंच घ्या. कुलपाची खूण दाखवणाऱ्या एसएसएलचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं. उरलेले पैसे पॅकिंगवर घाला. आगळाची बाटली कुरिअरमध्ये उलटी पडते, झाकणातून पाझरते आणि शेजारच्या आंबापोळीसकट सगळा खोका जांभळा होतो. साइटवर 'विकत घ्या'चं बटण लावायच्या आधी दोन बाटल्या पुण्यातल्या कुणा नातेवाइकांना कुरिअरने पाठवा, आणि खोका उघडताना त्यांना फोटो काढायला सांगा.