प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वाजतोय, बदलताना काय बघायचं?

प्रश्न: ट्रक जागेवरून उचलताना (निघताना) खालून टक्क असा आवाज येतो, मिस्त्री म्हणतो क्रॉस गेला. मी स्वतः बदलू का?

उत्तर: आधी खात्री करून घ्या. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलला ताकद नेणारा लांब दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. चाकांना पुढून-मागून ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, गिअर न्यूट्रल करा आणि शाफ्ट हाताने उलटसुलट पिळून बघा, क्रॉसपाशीच ढिलाई जाणवली किंवा कपाच्या (क्रॉसच्या टोकांवरच्या, आत बारीक सुया असलेल्या टोपीच्या) कडेला लालसर गंजाची पूड दिसली तर मिस्त्री बरोबर बोलतोय. ओट काढू नका हं, शाफ्ट उतरला की गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, ती घरंगळणारच.

खोलायच्या आधी शाफ्ट, फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) सगळ्यावर पंचने खूण करा, इथेच बहुतेक जण घाई करतात आणि मग स्लिप जॉइंटचा एक दाता पुढे-मागे बसला की दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत राहत नाहीत, नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि शिव्या बिचाऱ्या पार्टला.

कप हातोड्याने ठोकण्यापेक्षा व्हाइसमध्ये दाबून बसवा. शेवटी सर्कलिप (कप अडवून ठेवणारी कडी) खाचेत जात नसेल तर जोर लावू नका, बहुतेक वेळा आतली एखादी सुई आडवी पडलेली असते, कप काढून परत सुया ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या करा. बसल्यावर क्रॉस चारी बाजूंना हाताने फिरला पाहिजे, जड वाटला तर यॉकच्या कानावर हातोडीची हलकी टिचकी, मोकळा होतो. मग चारही सीलमधून ग्रीस बाहेर दिसेपर्यंत पंप मारा. फ्लँजचे बोल्ट मात्र टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), अंदाजपंचे नको.